तीन सामने, सात गुण : वॅट मिसाका यांच्यासाठी स्प्रिंगफिल्डच्या निवड समितीला खुले पत्र

नायस्मिथ मेमोरियल बास्केटबॉल हॉल ऑफ फेम,
स्प्रिंगफिल्ड, मॅसॅच्युसेट्स
निवड समितीच्या सर्व सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली काही वर्षे दर शनिवारी सकाळी मी सॉल्ट लेक सिटीतल्या एका भाड्याच्या जिममध्ये मराठी आणि इतर भारतीय घरांतल्या मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतो. मागच्या हिवाळ्यात सराव संपल्यावर मी त्यांना वॅट मिसाका यांची गोष्ट सांगितली. आज जिला एनबीए म्हणतात त्या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला गोऱ्या वंशाबाहेरचा पहिला खेळाडू. याच राज्यात जन्मलेला आणि याच शहरातल्या विद्यापीठातून खेळलेला माणूस, म्हणून मुले कान देऊन ऐकत होती. शेवटी अकरा वर्षांच्या एका मुलाने विचारले, "काका, पण तीनच मॅच? आणि फक्त सात पॉइंट?" त्या दिवशी मला त्याला पुरते उत्तर देता आले नाही. घरी येताना गाडीत मनात आले की हाच प्रश्न तुमच्याही खोलीत कधीतरी निघाला असेल, कारण मिसाकांचे नाव तुमच्या सन्मानितांच्या यादीत आजही नाही. त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आता तुम्हाला लिहितो आहे. पत्राचे इंग्रजी भाषांतर टपालाने वेगळे पाठवले आहे. मराठीत लिहिले ते माझ्या लोकांसाठी. नागपूर-पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत आमची मुले हा खेळ खेळतात, आणि त्यांच्या आईबापांनाही हे नाव क्वचितच माहीत असते.

वातारू मिसाका यांचा जन्म २१ डिसेंबर १९२३ चा, युटामधल्या ऑग्डेन गावचा. वडील जपानहून आलेले, न्हावी. पंचविसाव्या रस्त्यावर त्यांचे केशकर्तनालय होते आणि त्याच दुकानाच्या तळघरात घर. रेल्वे स्टेशनाजवळचा तो रस्ता तेव्हा दारूचे गुत्ते, जुगार आणि वेश्यावस्तीसाठी बदनाम होता. मी तो रस्ता मुद्दाम जाऊन पाहिला. आता तिथे कॉफीची दुकाने आणि चित्रांची दालने आहेत. फुटपाथवर उभे राहून, या जमिनीखालच्या खोलीत तीन भाऊ वाढले असतील, हे डोळ्यांपुढे आणायला बराच वेळ लागला.

वॅट पंधरा वर्षांचे असताना वडील गेले. आईच्या मनात मुलांना घेऊन जपानला परतायचे होते. नातलग हिरोशिमाकडचे होते. थोरल्या मुलाने, म्हणजे वॅटनेच, नाही म्हटले, आपण इथेच राहणार म्हणून सांगितले. मग आईने दुकान स्वतः चालवायला घेतले, आणि मुलगा ऑग्डेन हायस्कूलच्या संघातून खेळू लागला. १९४० मध्ये ती शाळा राज्यविजेती ठरली. पुढे वेबर कॉलेजातही त्याने संघाला विजेतेपदे मिळवून दिली. उंची पाच फूट सात इंच. पण पाय विलक्षण चपळ, हात त्याहून चपळ, आणि ज्याला मार्क करायचे त्याच्या अंगाला सावलीसारखे चिकटून राहायची चिकाटी. माझी स्वतःची उंची पाच फूट पाच इंच आहे. नागपूरला कॉलेजात असताना निवड चाचणीच्या रांगेतून मला चेंडू हातात मिळायच्या आधीच बाजूला काढले होते. बुटक्या गार्डचे अंगभर पळणे म्हणजे काय असते हे मला ठाऊक आहे, म्हणून मिसाकांच्या बचावाबद्दल वाचताना माझा ऊर भरून येतो.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या हुकमावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरेदारे, शेती, दुकाने सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे जन्माने नागरिक होते. युटा किनाऱ्यापासून आत असल्यामुळे मिसाका कुटुंबाचे घर वाचले. पण त्याच राज्यात, सॉल्ट लेक सिटीपासून सव्वादोनशे किलोमीटरवर, डेल्टा गावाजवळच्या वाळवंटात टोपाझची छावणी उभी राहिली. डांबरी कागद ठोकलेल्या बराकींत आठ हजारांवर माणसे तारेच्या कुंपणाआड राहत होती. कुंपणाच्या आतल्या आणि बाहेरच्या माणसांत फरक एवढाच, की युद्ध सुरू झाले तेव्हा कोणाचे घर नकाशावर कुठे होते.

हे मी विस्ताराने सांगतो, कारण याच काळात वॅट मिसाका युटा विद्यापीठाचा गणवेश घालून मैदानात उतरत होते. शत्रूचा चेहरा म्हणून ज्या चेहऱ्याची चित्रे भिंतीभिंतींवर चिकटवलेली होती, तोच चेहरा घेऊन, हजारो प्रेक्षकांसमोर, अर्ध्या चड्डीत. लपायला जागा नाही. बास्केटबॉलच्या कोर्टावर प्रेक्षक किती जवळ बसतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

१९४३-४४ चा युटाचा संघ म्हणजे युद्धाने उरवलेली पोरे. व्हेडाल पीटरसन हे प्रशिक्षक. विद्यापीठाचे स्वतःचे क्रीडागृह सैन्याने ताब्यात घेतलेले, नेहमीची साखळी स्पर्धा बंद. आर्नी फेरिन, हर्ब विल्किन्सन, फ्रेड शेफिल्ड, बॉब लुइस आणि मिसाका. यांतले बहुतेक अठरा-एकोणीस वर्षांचे. न्यूयॉर्कची एनआयटी ही निमंत्रित महाविद्यालयीन संघांची स्पर्धा आणि राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेची, म्हणजे एनसीएएची स्पर्धा, अशी दोन्ही निमंत्रणे होती. मुलांनी न्यूयॉर्क निवडले. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिल्याच फेरीत केंटकीने त्यांना ४६-३८ असे हरवले. सामान बांधून घरी परतायचे एवढेच उरले होते.

तेवढ्यात कॅन्सस सिटीहून निरोप आला. आर्कान्सॉ संघाच्या गाडीला रस्त्यात अपघात होऊन दोन खेळाडू जबर जखमी झाले होते, संघाबरोबरचा एक कर्मचारी दगावला होता, आणि त्या संघाने एनसीएए स्पर्धेतून माघार घेतली होती. त्यांच्या जागी येता का? मुलांनी हो म्हटले. दुसऱ्यांच्या दुःखातून उघडलेले ते दार होते. मिसूरीला ४५-३५ आणि आयोवा स्टेटला ४०-३१ असे हरवून ही पोरे पुन्हा त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आली, आता अंतिम सामन्यासाठी. २८ मार्च १९४४. समोर डार्टमथ, आणि युद्धकाळातल्या नौदल प्रशिक्षणामुळे त्यांच्याकडून खेळणारा डिक मॅकग्वायर. मॅकग्वायरने शेवटच्या क्षणी बरोबरी साधली आणि सामना जादा वेळेत गेला. तिथे अखेरचे काही सेकंद उरले असताना विल्किन्सनने लांबून टाकलेला चेंडू बास्केटमध्ये पडला. ४२-४०. युटा विजेते.

दोन दिवसांनी रेड क्रॉसच्या मदतीसाठी एनसीएए विजेते आणि एनआयटी विजेते यांच्यात सामना झाला. एनआयटी जिंकलेल्या सेंट जॉन्सचे प्रशिक्षक होते जो लॅपचिक. युटाने तो सामनाही ४३-३६ असा जिंकला. लॅपचिक हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. डिक मॅकग्वायर तुमच्या हॉलमध्ये आहेत. जो लॅपचिकही आहेत. त्या दोन रात्री त्या कोर्टावर या दोघांच्या विरुद्ध खेळून जिंकलेला मिसाका मात्र नाही.

गावी स्वागत झाले आणि त्याच वेळी सैन्यभरतीचे पत्र हाती पडले. पुढची दोन वर्षे मिसाका अमेरिकी सैन्यात होते. युद्ध संपल्यावर त्यांना जपानला पाठवले गेले आणि बाँबहल्ल्यांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या पथकात काम मिळाले. हिरोशिमातून वाचलेल्या माणसांच्या मुलाखती घेण्याचे काम. वडील गेल्यावर आई ज्या बाजूला मुलांना घेऊन जाणार होती, तीच ही जागा. पंधराव्या वर्षी "मी इथेच राहतो" म्हणणारा तो मुलगा आता बावीस वर्षांचा, अमेरिकी गणवेशात, हातात प्रश्नावली घेऊन राखेतल्या माणसांसमोर बसला होता. त्या माणसांनी त्याच्याकडे पाहताना काय पाहिले असेल? या प्रसंगावर मी माझ्या मुलांना फार काही सांगू शकत नाही. फक्त एवढेच सांगतो की तिथून परत आलेल्या माणसाने पुन्हा बूट बांधले आणि खेळायला सुरुवात केली.

आता १९४७ कडे या. तुम्ही खेळातली माणसे आहात, म्हणून या एका सामन्यावर थोडे थांबतो. युटाने एनआयटीमध्ये ड्यूकेनला एका गुणाने, वेस्ट व्हर्जिनियाला दोन गुणांनी हरवून अंतिम फेरी गाठली. समोर केंटकी, अॅडॉल्फ रप यांचा संघ. त्या सामन्यात केंटकीच जिंकणार असे सगळ्यांनी धरले होते. त्यांचा कणा होता राल्फ बिअर्ड, देशातल्या सर्वोत्तम गार्डांपैकी एक. पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात तो होता. पीटरसनांनी बिअर्डला अडवायचे काम मिसाकांना दिले. २४ मार्च १९४७ च्या त्या रात्री बिअर्डने संपूर्ण सामन्यात किती गुण केले? एक. एकच, तोही फ्री थ्रोचा. युटा ४९, केंटकी ४५.

गुणफलकात बचावाला रकाना नसतो. माझ्या मुलांना मी हेच पुन्हा पुन्हा सांगतो. समोरच्याचे न झालेले गुण कुठे लिहिले जात नाहीत. पण त्या एका आकड्यात, बिअर्डच्या नावापुढच्या त्या एकात, मिसाकांचा अख्खा खेळ वाचता येतो. चेंडू बिअर्डकडे जायच्या आधी वाटेत उभे राहणे, स्क्रीनच्या, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या खेळाडूच्या, आडून निसटणे, त्याच्या आवडत्या बाजूला पाय रोवणे, हे सगळे चाळीस मिनिटे करावे लागते. दहा मिनिटे ते कोणीही करेल. चाळीस मिनिटे करणारे फार थोडे. न्यूयॉर्कचे प्रेक्षक त्या छोट्या गार्डवर खूश झाले होते, आणि न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघाचे प्रमुख नेड आयरिश यांचाच तर मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हे सामने भरवण्यात पुढाकार होता.

१ जुलै १९४७ ला डेट्रॉइटमध्ये बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिकाचा, म्हणजे बीएएचा, पहिलावहिला ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, झाला. निक्सने त्यात वॅट मिसाका यांना निवडले. याच लीगमधून पुढे १९४९ मध्ये एनबीए झाली, आणि एनबीए आपला जन्म १९४६ चाच मानते. २०२१-२२ मध्ये तिने पंचाहत्तरावे वर्ष साजरे केले ते याच हिशेबाने. तोच हिशेब सरळ पुढे नेला, तर त्या लीगमध्ये खेळलेला गोऱ्या वंशाबाहेरचा पहिला खेळाडू म्हणजे वॅट मिसाका. छावण्यांची दारे बंद होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. मिसाकांच्या आईला तर तेव्हा अमेरिकेचे नागरिकही होता येत नव्हते. जपानहून आलेल्यांना तो हक्क १९५२ मध्ये मिळाला. आम्हा भारतीयांना तो मिळाला १९४६ मध्ये. त्याआधी १९२३ मध्ये, मिसाकांच्या जन्माच्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सांगून टाकले होते की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे आणि नागरिक होऊ शकत नाही. म्हणून मिसाकांची गोष्ट मला शेजारच्या घरातली वाटते.

१९४७ च्या नोव्हेंबरमध्ये ते निक्सकडून तीन सामने खेळले. सात गुण केले. मग त्यांना संघातून मोकळे करण्यात आले. तेव्हा निक्सचे नवे प्रशिक्षक होते जो लॅपचिक, म्हणजे ज्यांच्या सेंट जॉन्सला युटाने १९४४ मध्ये हरवले होते तेच. इथे मला प्रामाणिक राहायचे आहे. आपल्याला वंशामुळे काढले असे मिसाका स्वतः कधी म्हणाले नाहीत. संघात गार्ड जास्त झाले होते, असे ते सांगत. मी त्यांच्या तोंडी वेगळे शब्द घालणार नाही, आणि लॅपचिकांवर आरोपही करणार नाही. १९५० मध्ये कृष्णवर्णीय खेळाडू नॅट क्लिफ्टन यांना संघात घेणारे निक्स लॅपचिकांचेच होते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मिसाका आले म्हणून कृष्णवर्णीयांसाठी दार उघडले नाही. ते आणखी तीन वर्षे बंदच राहिले. त्याच १९४७ च्या एप्रिलमध्ये, त्याच शहरात, ब्रुकलिनच्या मैदानावर बेसबॉलमधली वर्णभिंत मोडणारे कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन उतरले होते, आणि तरीही बीएएचे मालक १९५० पर्यंत थांबले. तेव्हा कुठे चक कूपर, नॅट क्लिफ्टन आणि अर्ल लॉइड आले. त्यांनी सोसले ते फार मोठे होते, आणि त्यांच्या कारकिर्दी मिसाकांपेक्षा कितीतरी लांब आहेत. लॉइड यांना तुम्ही २००३ मध्ये, क्लिफ्टन यांना २०१४ मध्ये आणि कूपर यांना २०१९ मध्ये सन्मानाने आत घेतलेत. आफ्रिकन-अमेरिकन आद्य खेळाडूंचा विचार करण्यासाठी २०११ मध्ये वेगळी समितीही नेमलीत. ते केलेत याबद्दल मी मनापासून तुमचा आभारी आहे. त्या तिघांच्या वाट्याचे काढून मिसाकांना द्या, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण तुमच्या रचनेत मिसाका कोणत्याच टेबलावर बसत नाहीत. त्या समितीपुढे ते येत नाहीत. आंतरराष्ट्रीय समितीपुढेही नाहीत, कारण ते ऑग्डेनचे अमेरिकी होते. खेळाडू म्हणून बघावे तर व्यावसायिक आकडे तीन सामन्यांचे. प्रत्येक टेबलावरून कागद पुढे सरकतो आणि शेवटी खाली पडतो.

आता त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नाकडे. तीनच मॅच?

याचे उत्तर तुमच्याच इमारतीत आहे. १९५९ मध्ये तुम्ही ज्यांना पहिल्यांदा सन्मान दिलात, त्यांत एक अख्खा संघ होता : 'फर्स्ट टीम'. १८९१ च्या डिसेंबरमध्ये जेम्स नायस्मिथ यांनी स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत ज्या अठरा विद्यार्थ्यांना पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ खेळायला लावले, तो वर्ग. त्या पहिल्या सामन्याचा निकाल १-० असा लागला. सगळ्या खेळात मिळून एकच बास्केट, तो विल्यम चेस यांचा. बाकीच्या सतरा जणांच्या नावावर त्या दिवशी शून्य गुण आहेत. तरी ते सगळे तुमच्या यादीत आहेत, आणि असायलाच हवेत. कारण ते पहिले होते.

त्या अठरांमध्ये एक नाव आहे गेन्झाबुरो इशिकावा. जपानहून शिकायला आलेला तरुण. म्हणजे हा खेळ जन्मला तेव्हाच त्यात एक जपानी मुलगा होता, आणि तुमच्या हॉलमध्ये त्याची नोंद पहिल्या वर्षापासून आहे. पहिला सामना २१ डिसेंबर १८९१ चा मानतात. बत्तीस वर्षांनी त्याच तारखेला ऑग्डेनमध्ये मिसाका जन्मले. हा योगायोग आहे आणि मी त्यातून काही सिद्ध करू पाहत नाही. पण इशिकावापासून मिसाकांपर्यंतची रेघ तुमच्याच भिंतीवर अर्धी काढून ठेवलेली आहे, ती पुरी करणे तुमच्या हातात आहे.

निक्सने सोडल्यानंतर हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या गावोगावी प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या संघाच्या एब सेपरस्टीन यांनी मिसाकांना आपल्याकडे बोलावले होते. त्यांनी नकार दिला, सॉल्ट लेक सिटीला परतले, मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी पूर्ण केली आणि पुढे अनेक दशके इंजिनिअर म्हणून काम केले. बोलिंग खेळले, गोल्फ खेळले. जपानी-अमेरिकी बोलिंगमध्येही त्यांना मोठा मान होता. आपण पहिले होतो हे त्यांनी कधी मिरवले नाही. माझ्या वडिलांच्या पिढीतली अशी माणसे मी पाहिली आहेत. गिरणीत किंवा रेल्वेत चाळीस वर्षे काढून, स्वतःबद्दल विचारले की "त्यात काय एवढं" म्हणणारी. त्यांच्या अशा बोलण्याचा आपण फार सोयीचा अर्थ लावतो. त्यांनी मागितले नाही म्हणून त्यांना द्यायचे राहून जाते.

२० नोव्हेंबर २०१९ ला, पंच्याण्णव वर्षांचे असताना, मिसाका गेले. त्याआधी एकच महिना रुई हाचिमुरा वॉशिंग्टनकडून एनबीएमध्ये उतरला होता, पहिल्या फेरीत निवडला गेलेला पहिला जपानी खेळाडू. २०२२ च्या जानेवारीत युटा विद्यापीठाने मिसाकांची जर्सी कायमची निवृत्त केली. तुमचे दार अजून बाकी आहे.

आमच्या बाजूचे एक नाव सांगतो. ७ एप्रिल २०१५ ला सॅक्रामेंटोकडून सिम भुल्लर कोर्टावर उतरला, एनबीएमध्ये खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. पंजाबी आईबापांचा, टोरंटोत जन्मलेला. सात फूट पाच इंच उंच. त्याच्या एनबीएतल्या सामन्यांची संख्या किती? तीन. मिसाकांइतकीच. त्या रात्री आमच्या घरी टीव्हीसमोर सगळे उभे राहिलो होतो, कोणी बसायला तयार नव्हते. माझी धाकटी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. त्याने किती गुण केले हे तिने विचारलेच नाही. "बाबा, हा आपल्यासारखा आहे ना?" एवढेच तिने विचारले. आता ती सतराची आहे, शाळेच्या संघात पॉइंट गार्ड आहे, उंची पाच फूट तीन इंच. बिअर्डच्या त्या एका गुणाची गोष्ट तिला पाठ आहे. तिच्या संघात समोरच्या सर्वोत्तम खेळाडूला मार्क करायचे काम तीच मागून घेते.

माझी मागणी स्पष्ट आहे. वॅट मिसाका यांचा विचार 'कॉन्ट्रिब्युटर' या गटात करा. अर्ल लॉइड यांना तुम्ही त्याच गटात घेतले होते, म्हणजे लीगचे दार पहिल्यांदा ओलांडणे हे या खेळाला दिलेले योगदान आहे हे तुम्ही एकदा मान्य केलेले आहे. विचार करताना तीन व्यावसायिक सामन्यांच्या बाजूला १९४४ चे एनसीएए विजेतेपद, १९४७ चे एनआयटी विजेतेपद आणि राल्फ बिअर्डचा तो एक गुण ठेवा. सध्याच्या समित्यांच्या कक्षेत हे बसत नसेल, तर वंशाच्या भिंती ओलांडणाऱ्या आशियाई, लॅटिन आणि मूळनिवासी आद्य खेळाडूंसाठीही वेगळी समिती नेमा. एकदा तुम्ही तसे करून दाखवले आहे.

नामांकनाचा अर्ज भरून या पत्राबरोबर जोडतो आहे. सोबत आमच्या शनिवारच्या एकवीस मुलामुलींच्या सह्या आहेत. तो अकरा वर्षांचा प्रश्नकर्ताही त्यात आहे. हे पत्र मी त्याला आधी वाचून दाखवले. इशिकावाचा परिच्छेद त्याने दोनदा वाचायला लावला, आणि मग सही केली. दरवर्षी फायनल फोरच्या, म्हणजे एनसीएए स्पर्धेच्या अखेरच्या चार संघांच्या सामन्यांच्या, वेळी तुम्ही नावे जाहीर करता. त्या दिवशी आम्ही सगळे सराव लवकर संपवून जिममध्येच फोनभोवती बसणार आहोत.

कळावे,

आपला नम्र,
सॉल्ट लेक सिटीतील एक मराठी बास्केटबॉल प्रशिक्षक